कागदाचं मखर तिसऱ्या दिवशी का झुकतं, आणि हजाराच्या आत ताठ उभं राहणारं कसं करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याचा वन-बीएचके, पाच दिवसांचा गणपती, मूर्ती नऊ इंची, खर्च हजाराच्या आत. घरमालकाच्या भिंतीला खिळा सोडाच, टेपसुद्धा लावायची नाही. गेल्या वर्षी कार्डशीटचं मखर घरी केलंत, ते पहिल्या दिवशी देखणं दिसलं आणि तिसऱ्या दिवशी नमस्कार केल्यासारखं पुढे झुकलं. यंदा वर ‘मंगलमूर्ती मोरया’ अशी कापलेली अक्षरं हवी आहेत, पण मोबाइलवर टाइप केलं की नेमका ‘मूर्ती’ हाच शब्द फुटतो.

आधी झुकण्याचं बघू, कारण ते सुटल्याशिवाय बाकीच्या सजावटीला अर्थ नाही.

माझं लहानपण वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात गेलं. वह्या, चोपड्या, वाचनालयाची फाटकी पुस्तकं. मखरं मी गेली बावीस-तेवीस वर्षं करते आहे, पण कागद मला कळला तो त्या दुकानात. तिथला पहिला धडा असा होता की ओला कागद वाढतो आणि वाळताना आवळतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला गोंद लावून कागद चिकटवलात तर वाळताना तो कागद पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणी बघा. बाहेरून कापड किंवा कागद असतो, तसा आतूनही एक कागद चिकटवलेला असतो. तो शोभेसाठी नसतो. बाहेरच्या ओढीला आतून तेवढीच ओढ मिळावी, म्हणून असतो. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ‘समोरून मार्बल पेपर लावला, मागची बाजू कोण बघतंय म्हणून तशीच सोडली’ असं वाक्य आहे. तुमचं मखर तिथेच झुकलं. बाकीचं काम भाद्रपदातल्या दमट हवेने केलं, आणि कमानीला अडकवलेल्या ओल्या हाराने शेवटचा धक्का दिला.

यात थोडा दोष थर्माकोलचाही आहे. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, ते चांगलंच झालं. पण हाताला सवय थर्माकोलची राहिली. थर्माकोल पाण्याला दाद देत नाही, त्याला उभं-आडवं काही नसतं, कसंही कापा, सारखंच. कागदाला मात्र दिशा असते. कारखान्यात कागद लांबच लांब पट्ट्यासारखा धावत तयार होतो, तेव्हा त्याचे तंतू बहुतांशी धावण्याच्या दिशेने लागतात. त्या दिशेने कागद ताठ राहतो आणि घडी स्वच्छ पडते. तंतूंना आडवी घडी घातलीत तर कडेला पांढरे तडे जातात. दमट हवेत कागद फुगतो तोही तंतूंच्या आडव्या अंगाने.

ही दिशा ओळखायला काही लागत नाही. ज्या कार्डशीटचं काम करायचं त्याच्या एक इंच रुंद आणि सहा इंच लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरा. मग चिमूट तशीच ठेवून उलट्या करा. एका बाजूने धरल्यावर दोन्ही पट्ट्या चिकटून राहतात, आणि उलटं केलं की खालची पट्टी वरचीपासून सुटून खाली लोंबते. लोंबणारीत तंतू आडवे आहेत, ताठ राहिलेलीत लांबीच्या दिशेने. मखराच्या उभ्या भागात तंतू उभे हवेत. एवढं एक पाळलंत तरी अर्धं काम झालं.

आता सांगाडा. तुम्ही पीव्हीसी पाइपचा विचार करताय, तो वाईट नाही, पण नऊ इंची मूर्तीसाठी तो म्हणजे मुंगीला मुसळ. मोठ्या खोक्याचा पुठ्ठा आणा. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं बहुतेक फाइव्ह-प्लाय, म्हणजे पाच थरांचं असतं, ते सर्वांत उत्तम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवलं तर फुकट मिळतं, रद्दीवाल्याकडे चाळीस-पन्नास रुपयांत. पुठ्ठ्याच्या कडेला डोळा लावून बघा, आत नागमोडी नळ्या दिसतील. त्या नळ्या उभ्या यायला हव्यात. आडव्या नळ्यांचा पुठ्ठा स्वतःच्याच वजनाने वाकतो, उभ्या नळ्यांवर तुम्ही परात ठेवा, हलणार नाही.

मापं मी बाजारातल्या कागदावरून ठरवते, मूर्तीवरून नंतर ताडून बघते. आपल्याकडे रंगीत कागद, कार्डशीट बहुतेक 22 बाय 28 इंचांत मिळते, हातकागद 22 बाय 30 मध्ये. कागद कडेवरून मागे वळवायला सगळीकडून एकेक इंच हवा. म्हणजे पुठ्ठा 20 बाय 26 इंचांचा कापायचा. असे दोन, एक मागचा आणि एक पुढचा. बाजूंना 12 बाय 26 चे दोन. लोक आधी 24 इंच रुंदीचं मखर ठरवतात, मग कागद दोन इंच कमी पडतो, मग जोड येतो, मग तो जोड झाकायला लेस येते, आणि दोनशे रुपये तिथे जातात.

हे चार तुकडे खोक्यासारखे एकमेकांना जोडायचे: पुढचा, बाजू, मागचा, बाजू. जोड मात्र टेपचा नको. जुन्या सुती साडीच्या तीन इंच रुंद पट्ट्या फाडा. कापू नका, फाडा, म्हणजे धाग्यात सरळ जातात. खळीत, म्हणजे मैदा शिजवून केलेल्या गोंदात भिजवून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये साधारण पुठ्ठ्याच्या जाडीएवढी फट ठेवून चिकटवा. पुस्तकाचा सांधा असाच असतो. वाळल्यावर ते बिजागरीसारखं फिरतं. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्यामुळे सगळं मखर खोक्यासारखंच चपटं मिटतं आणि कपाटामागे उभं राहतं. पाच दिवस चौकोनी राहावं म्हणून वरच्या चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे छोटे त्रिकोण खाचेत अडकवा. मागच्या पायाशी वाळूच्या किंवा तांदळाच्या दोन पुरचुंड्या ठेवल्या की पंख्याच्या वाऱ्यानेही डुलत नाही. भिंतीला कुठेच स्पर्श नाही.

खळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती फुकटात पडते आणि हल्ली कोणी करत नाही. दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा. दोन वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात ते धारेने सोडायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी ते दुधासारखं पांढरं दिसतं. मग एका क्षणी चमच्याला जड लागायला लागतं आणि रंग बदलून काचेसारखा पारदर्शक होतो. तो रंग आला की अजून दोन मिनिटं, मग खाली उतरवून चिमूटभर तुरटीची पूड. गार झाल्यावर जुन्या ओढणीतून गाळून घ्या. पांढरी असताना उतरवलेली खळ वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. वडील खळीत मोरचूद घालायचे, कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून. ते विष आहे. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात ते करू नका, पाच दिवसांच्या कामाला त्याची गरजही नाही. खळ बाहेर दोन दिवस टिकते, वास बदलला की टाकून द्यायची.

फेव्हिकॉल हवाच असेल तर फक्त कडांना आणि अक्षरांना. मोठ्या पृष्ठावर तो लवकर सुकतो, कागद सरकवायला वेळ देत नाही आणि सुरकुत्या कायमच्या बसतात. ग्लू गनने काम पटकन होतं हे खरं, पण दिव्याजवळ तो गोंद मऊ पडतो. मी तिला मखरात हात लावत नाही.

कागद लावताना पुठ्ठा तसाच ठेवून कागदाला खळ लावा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. कागदाला जेवढं वाढायचं ते त्यात वाढून जातं. मग ठेवा, मधून कडेकडे सुती फडक्याने हवा काढा. आणि लगेच, वाळायच्या आत, पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही कागद. बाजूच्या दोन पुठ्ठ्यांना आतून-बाहेरून तोच रंगीत कागद लावा. पुढच्याची आतली बाजू आणि मागच्याची बाहेरची बाजू दिसत नाही, तिथे वर्तमानपत्राचे दोन थर चालतात. एक थर पुरत नाही, वर्तमानपत्र फार पातळ असतं. मग खाली-वर कोरी रद्दी घालून एक रात्र गादीखाली. हो, झोपायची गादी, त्यावर झोपायचंसुद्धा. एवढं सपाट आणि जड वजन घरात दुसरं नसतं. सकाळी रद्दी बदला, कारण ती ओल पिते. पावसाळ्यात असे दोन दिवस धरा. हे काम चतुर्थीच्या आदल्या रात्री करता येत नाही, आठ दिवस आधी सुरू करा.

पुढच्या पुठ्ठ्यातली महिरप हा मखराचा चेहरा. ती विकतच्या नक्षीवरून छापून आणू नका, दोऱ्याने काढता येते. वर्तमानपत्राचा 20 बाय 26 चा तुकडा उभा मध्ये दुमडा. घडीवर खालून 11 इंचांवर टाचणी टोचा, तिला दोरा बांधून 7 इंचांवर पेन्सिल, आणि घडीपासून बाजूपर्यंत पाव वर्तुळ काढा. उघडल्यावर हे 14 इंच रुंदीचं अर्धवर्तुळ होणार. आता त्या पाव वर्तुळावर एक दोरा बसवा, तेवढाच कापा, आणि त्याचे सात सारखे भाग पाडून पेनाने खुणा करा. दोरा परत वर्तुळावर ठेवून घडीकडून पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी खूण कागदावर उतरवा. या खुणा म्हणजे महिरपीची आत आलेली टोकं. घडीपासून पहिल्या खुणेपर्यंत अर्धी पाकळी, पुढे तीन पूर्ण. उघडली की सात पाकळ्यांची महिरप. दोन टोकांतलं अंतर तीन इंचांहून जरासं जास्त येतं. सव्वातीन इंच तोंडाची वाटी घरात असतेच, ती दोन खुणांवर टेकवून बाहेरच्या बाजूने गोल ओढा. खाली दोन्हीकडे सरळ 11 इंचांचे खांब. कैचीने घडीवरच कापा, दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात.

हा नमुना पुठ्ठ्यावर ठेवून, कागद लावायच्या आधीच, कापायचा. कटरला नवं पातं लावा. बोथट पातं पुठ्ठ्याच्या नळ्या चिरडतं आणि कड पोखरल्यासारखी दिसते. एका दमात आरपार जायचं नाही, तीन-चार हलके फेरे. रंगीत कागद महिरपीच्या आत वळवताना दर अर्ध्या इंचावर छोटे काप द्या, नाहीतर गोलाईवर तो बसत नाही.

इथे एक जुनी चूक सांगते. माझ्या पहिल्या कागदी मखराची महिरप मी फार देखणी केली होती, अरुंद आणि उंच, राजवाड्याच्या खिडकीसारखी. मूर्ती आधी ठेवली, मखर भोवती उभं केलं. पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली, बाहेर सगळे टाळ्या-झांजा घेऊन उभे, आणि मूर्ती महिरपीतून बाहेर येईना. हात आत घालून दोन्ही बाजूंनी धरायला जागाच नव्हती. शेवटी सासूबाईंनी आतून कैची आणून दिली आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ चालू असताना मी माझीच महिरप कापली. तेव्हापासून मी मूर्तीच्या रुंदीला दोन्हीकडून एकेक वीत नाही तरी चार-चार बोटं जागा सोडते. तुमच्या नऊ इंची मूर्तीला 14 इंच पुरतील, पण मूर्तीचे हात किंवा प्रभावळ पसरट असेल तर आधी मोजून घ्या. आणि मूर्ती पाटासकट मोजा. पाट दोन इंचांचा असला तरी डोकं 11 इंचांवर जातं, तिथूनच महिरपीची गोलाई सुरू होते, ते छान दिसतं.

तळाला कागद अजिबात नको. प्राणप्रतिष्ठेला पाणी सांडतं, पंचामृत सांडतं, दूर्वांतून पाणी गळतं. खाली स्टीलचं ताट किंवा लाकडी पाट आणि त्यावर केळीचं पान. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला मेणबत्ती घासून घ्या, म्हणजे फरशीवरचं पाणी ओढलं जात नाही. हार मूर्तीलाच, महिरपीला नाही. महिरपीला काही लोंबायला हवं असेल तर कागदाची फुलं करा. गोव्यात आणि तळकोकणात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळं-पानं, बांधतात, तिचा सगळा भार लाकडी चौकटीवर असतो. ते बघून लोक कागदी मखराला खरी फळं लटकवतात. कागदाला तेवढी ताकद नाही.

आता अक्षरं. ‘मूर्ती’ फुटते त्याचं कारण तुमचं टायपिंग नाही. देवनागरीत रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, पहिली वेलांटी आधी बसते, हे सगळं अ‍ॅपला यावं लागतं. काही अ‍ॅपना ते येत नाही, मग र चा पाय मोडका दिसतो आणि ‘ती’ हे अक्षर बाजूला पडतं. मी कुठलंही नवं अ‍ॅप ‘मंगलमूर्ती’ हा एकच शब्द टाइप करून तपासते. अनुस्वार, ल, दीर्घ ऊकार, रफार, वेलांटी, सगळं त्यात आहे. कम्प्युटर असेल तर इंकस्केप घ्या, फुकट आहे आणि जोडाक्षरं बरोबर लावतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत फुटत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. काहीच नसेल तर लिबरऑफिसमध्ये मोठ्या अक्षरात टाइप केलंत तरी काम होतं.

फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून फुकट मिळतात. सगळ्यांना ‘मोदक’ हा फॉन्ट नावामुळे आणि गुबगुबीतपणामुळे मोहवतो. छापायला तो लाजवाब आहे. कापायला नको, कारण त्याच्या अक्षरांतल्या पोकळ्या चिरेएवढ्या आहेत, पातं फिरत नाही. ‘बालू’ घ्या, गोल टोकांचा आहे, कैचीलाही जमतो. ‘मुक्ता’ घेतलात तर तिचं सर्वांत जाड वजन (म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी) घ्या, साधं वजन कापल्यावर काडीसारखं दिसतं. फॉन्ट निवडताना ल कडेही बघा. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी ठरलेला ल आणि हिंदी धाटणीचा ल वेगळे दिसतात. काही फॉन्टांत भाषा मराठी निवडली की तो आपोआप बदलतो. ‘श्री गणेशाय नमः’ लिहिणार असाल तर शेवटी विसर्ग द्या, अपूर्णविराम नको. छापील बॅनरवर निम्म्या ठिकाणी कोलन बघून माझं डोकं दुखतं.

अक्षरं कापून चिकटवायची असतील तर देवनागरी आपली मैत्रीण आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं, एकेक सरळ लावत बसा. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. ‘मंगलमूर्ती’ हा अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. ग चे दोन भागही शिरोरेषेलाच टांगलेले असल्याने सुटत नाहीत. फक्त म वरचा अनुस्वार वेगळा राहतो, तो आधीच कापून डबीत ठेवा, शेवटी हमखास हरवतो. शिरोरेषा मूळ फॉन्टपेक्षा थोडी जाड करून घ्या, कारण सगळं वजन तिच्यावर आहे.

स्टेन्सिल करून रंग मारायचा असेल तर मात्र हेच उलटं होतं. प, म, ण यांची पोकळी शिरोरेषेने वरून बंद होते, आणि स्टेन्सिल कापली की तो तुकडा गळून पडतो. तिथे दोन-तीन मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो. जुन्या ट्रकवर, गोण्यांवर तुटक अक्षरं दिसतात ती त्यामुळेच. पहिल्या वर्षी स्टेन्सिलच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या 20 इंची मखरावर महिरपीच्या वर साधारण सात इंच जागा उरते. ‘मंगलमूर्ती मोरया’ 18 इंच लांबीत बसवा, म्हणजे दोन आडव्या ए4 कागदांत येईल. पानाचं माप पूर्ण ठेवून पीडीएफ करा आणि अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘पोस्टर’ निवडा, ते स्वतःच तुकडे पाडून देतं. झेरॉक्सवाल्याकडे कायम पीडीएफच न्या. त्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसतो, आणि बऱ्याच दुकानांत जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट असतात, त्यांत तुमचा मजकूर उघडला की भलतीच लिपी दिसते. भरीव काळी अक्षरं छापू नका, नुसती बाह्यरेषा. शाई वाचते आणि कापायची रेघही स्पष्ट दिसते.

माझी एक युक्ती: अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी छापा आणि तो कागद सोनेरी कागदाच्या मागच्या बाजूला कडांवर थोडा गोंद लावून टेकवा. मागूनच कापा. पुढची सोनेरी बाजू कोरी, पेन्सिलचा डाग नाही. आधी आतल्या पोकळ्या, मग उकार-वेलांट्या, आणि बाहेरची रेघ सर्वांत शेवटी, कारण बाहेरून सुटल्यावर शब्द हातात थरथरतो. हात एका जागी ठेवा आणि कागद फिरवा. कापलेला शब्द कार्डशीटवर चिकटवून पुन्हा कापलात आणि मागे पुठ्ठ्याचे छोटे तुकडे लावून अर्धा सेंटिमीटर पुढे आणलात, तर दिव्याची सावली पडते. त्या सावलीने पन्नास रुपयांची अक्षरं पाचशेची दिसतात.

रंग दोनच, आणि तिसरं सोनेरी. मूर्तीत गुलाबी, पिवळा, सोनेरी असे रंग आधीच आहेत. मागे गडद मरून किंवा बॉटल ग्रीन लावा, मूर्ती पुढे येते. चकचकीत कागद मागे नको, फोटोत फ्लॅशचा गोळा उमटतो. मागच्या आणि पुढच्या पुठ्ठ्याला हातकागद घ्या, चिंध्यांच्या लगद्याचा असतो, त्याचे तंतू सगळीकडे विखुरलेले, त्यामुळे दिशेची कटकटही कमी. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा चक्कर मारा, कागद बघूनच चार कल्पना सुचतात. बाकीचं अप्पा बळवंत चौकात आणि बोहरी आळीत मिळतं, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास.

दिवे पिवळसर एलईडीचे, अडॅप्टर मखराच्या बाहेर. समई मखराच्या आत कधीच नाही, पुढे दीड-दोन फुटांवर. कापूर लावलेलं तबक महिरपीच्या खाली ओवाळायचं नाही, एक पाऊल मागे उभं राहून ओवाळा. उदबत्तीचं घरही बाजूला, राख वाऱ्याने आत जाते. आरतीपुरता पंखा बंद.

खर्चाचा अंदाज माझ्या गेल्या वर्षीच्या खरेदीवरून: खोकं 50, हातकागद दोन 100, बाजूंसाठी रंगीत कागद चार 40, कार्डशीट दोन 40, सोनेरी कागद 50, मैदा-तुरटी 20, कटर आणि पाती 60, फेव्हिकॉलची छोटी बाटली 50, छपाई 20, एलईडी माळ 150. म्हणजे 580. उरलेल्या चारशेंत लेस, मोत्यांच्या माळा, तयार फुलं आणायचा मोह होईल. त्याऐवजी कार्डशीटच्या कापातून उरलेल्या दोन इंची पट्ट्यांची चक्रं करा. पट्टी रुंदीच्या निदान आठपट लांब हवी, म्हणजे दोन इंचांना सोळा, नाहीतर चक्र पूर्ण उघडत नाही आणि वाटीसारखं खोलगट होतं. अर्ध्या-अर्ध्या इंचावर रिफिल संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबा, मग उलटसुलट दुमडा. दाबून घेतलेली घडी आणि नुसती बोटाने पाडलेली घडी यांतला फरक पाच फुटांवरून कळतो. महिरपीच्या दोन खांद्यांवर एकेक मोठं आणि खांबांच्या पायाशी एकेक लहान, एवढी चार पुरेत.

विसर्जनानंतर मखर पुसून, दोन दिवस पंख्याखाली वाळवून मगच मिटा. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, खळीला कसर लागते. अक्षरांचा शब्द मात्र काढून वेगळ्या वहीत ठेवा. दिवाळीत तीच बाह्यरेषा पतंगी कागदावर कापून आकाशकंदिलाच्या पाकळीवर लावली की आतल्या दिव्याने उजळते. तिथे खळ पातळ करा, आणि कंदिलाच्या काड्या बांबूच्याच घ्या, आइस्क्रीमच्या काड्या ओलीत पिळवटतात.